एक तबकडी, दोन प्रणाली

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली सुखाने नांदू शकतात काय, असे शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावी याचे उत्तर शेतावरून देता येईल. शेताचे दोन हिस्से झाले, मध्ये धुरा पडला, सातबाऱ्यावर नोंद झाली. पण बैलजोडी एकच राहिली. ती एका वेळी एकाच हिश्श्यात चालणार. तबकडी म्हणजे हे शेत. प्रक्रियक व स्मृती म्हणजे बैलजोडी. दोन्ही प्रणाली तबकडीवर कायम असतात, पण चालू एकच असते. कोणती, ते संगणक सुरू करताना ठरते.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात कायमची तबकडी नव्हती. डॉसची फ्लॉपी काढून सीपी/एम-८६ची घातली की प्रणाली बदलली! १९८३ मध्ये पीसी एक्सटी १० मेगाबाइटची तबकडी घेऊन आला आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. डॉस २.० ने त्यासाठी तबकडीचा पहिलाच ५१२ बाइटचा कप्पा राखून ठेवला. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांना, ६४ बाइट हिश्शांच्या नोंदींना आणि २ बाइट ओळखखुणेला. एका नोंदीला १६ बाइट लागत. म्हणून हिस्से चार. हाच संगणकाचा सातबारा.

१९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती. तिच्याच मदतीने तो स्वतःची प्रणाली लिहीत होता. एकदा मोडेमला द्यायची आज्ञा चुकून तबकडीकडे गेली आणि मिनिक्सचा हिस्सा बिघडला. मिनिक्स पुन्हा न बसवता त्याने आपल्याच प्रणालीवर काम चालू ठेवले. ती प्रणाली म्हणजे लिनक्स.

४४६ बाइटांत निवडीची यादी दाखवणारा मोठा कार्यक्रम मावत नाही. म्हणून तेथे फक्त पुढच्या कार्यक्रमाला हाक मारणाऱ्या आज्ञा ठेवतात. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो (१९९२) आणि एरिक बोलिन यांचा ग्रब (१९९५) असेच चालत.

मात्र जागा असली म्हणजे निवड मिळतेच असे नाही. 'बी' या कंपनीने २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. उत्पादकांशी केलेल्या करारांमुळे संगणक सुरू होताना आपली बीओएस प्रणाली ग्राहकापुढे येऊच शकत नाही, असे तिचे म्हणणे होते. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. २०१२ पासून विंडोज ८ बरोबर आलेल्या 'सिक्युअर बूट'मध्ये यंत्र प्रणालीची सही तपासते. त्यामुळे घातक कार्यक्रम अडतात; पण कोणाची सही चालेल हे कोणी ठरवायचे, हा प्रश्नही त्यातूनच निघाला.

शाळांच्या दृष्टीने हा इतिहास आजचाच आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर शेजारी लिनक्स बसवले, तर महाजालासाठी ते वापरता येते आणि जुने कार्यक्रमही हाताशी राहतात.

मात्र धुरा सरकवताना पीक तुडवले जाऊ शकते. म्हणून आधी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. तबकडीला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची किल्ली लिहून घ्यावी. लिनक्स प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून ध्वनी, वायफाय व मराठी टंकन तपासावे. मगच विंडोजचा हिस्सा विंडोजमधूनच लहान करावा. लिनक्स शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतही आहेत.

विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे: जुन्या नोंदीत कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांचा आणि कप्पा ५१२ बाइटचा, तर नोंदवता येणारी सर्वांत मोठी तबकडी केवढी? उत्तर सुमारे २ टेराबाइट येईल. नवी नोंदपद्धत का लागली आणि तिच्यात हिस्से चारवरून सहसा १२८ का झाले, ही चर्चा तेथून सहज सुरू होईल.