पॉलिमरचे पिस्तूल आणि माणसाचा पंजा

पॉलिमरच्या सांगाड्याचे पहिले पिस्तूल ग्लॉकचे नव्हे. तो मान १९७० च्या जर्मन व्हीपी-७० चा. परंतु त्याचा चाप इतका जड, की तो ओढतानाच नेम ढळावा.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारले ते गास्टोन ग्लॉक यांचे पिस्तूल. पडद्यांचे दांडे बनविणाऱ्या या उत्पादकाने बाहेरची सुरक्षा-कळ वगळून सुरक्षा चापातच बसविली. वजन हलके, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. रूप मात्र ओबडधोबड, चौकोनी. (क्ष-किरणांत ते दिसत नाही, ही निव्वळ आवई, नळी आणि स्लाइड पोलादीच होती.)

खरी अडचण मुठीची. माप एकच, लहान पंजाच्या सैनिकाने जुळवून घ्यावे. वॉल्थरच्या पी-९९ ने १९९० च्या दशकात मुठीची पाठ बदलण्याची सोय दिली. ग्लॉकने ती स्वीकारली २०१० मध्ये, चौथ्या पिढीत.