प्रमेहाचें पूर्वरूप आणि दंतमूलरोग

मधुमेहानें हिरड्या बिघडतात ही गोष्ट आमच्या प्राचीन वैद्यांस पूर्णपणें अवगत होती, असें विधान वारंवार कानीं येतें. त्यांत आधार किती व अभिमान किती, हें मूळ ग्रंथांवरून पाहण्याचें आम्हीं योजिलें. विषय केवळ पोथ्यांचा नाहीं. ज्याच्या घरांत मधुमेही माणूस आहे त्याच्या तो नित्य उपयोगाचा आहे.

निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं मुंबईस काढलेली सुश्रुतसंहितेची सटीक आवृत्ति पुढें ठेवून आम्ही लिहीत आहों. निदानस्थानाचा सहावा अध्याय प्रमेहाचा. रोग प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें त्यांत दिलीं आहेत: तळहात-तळपायांची आग, अंगाचा चिकटपणा व जडपणा, मूत्राचा गोडवा, तहान, श्वासाची दुर्गंधि, आणि टाळू, गळा, जीभ व दांत यांवर मळ सांठणें. माधवनिदानांत तर पूर्वरूपांचा आरंभच दांतांच्या मळापासून केला आहे. हा ग्रंथ वैद्य मुखोद्गत करीत. तेव्हां हें लक्षण त्यांच्या नजरेआड राहिलें असावें असें म्हणवत नाहीं.

येथपर्यंत अभिमानी मंडळींचें म्हणणें खरें. परंतु त्याच निदानस्थानाचा सोळावा अध्याय उघडावा. तेथें मुखरोग ६५ सांगून त्यांपैकीं १५ दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, दिले आहेत. शीतादांत हिरड्यांतून अकस्मात् रक्त येतें, त्या काळ्या व मऊ पडून झडूं लागतात. दंतवेष्टांत पू व रक्त वाहून दांत हलतात. ज्यास लोक पायोरिया म्हणतात त्याचें याहून चांगलें वर्णन क्वचितच सांपडेल. पण या पंधरांत प्रमेहाचें नांव आम्हांस कोठेंही आढळलें नाहीं. उलट प्रमेहाध्यायांत उपद्रवांची यादी लांबलचक आहे, अंगावर उठणाऱ्या दहा पिडकाही निराळ्या वर्णिल्या आहेत. हिरड्या मात्र तींत नाहींत. मळ पाहिला, रक्त पाहिलें, दोहोंमधील दुवा जोडला नाहीं, असेंच आमचें मत झालें आहे. दहा अध्यायांचें हें अंतर ओलांडण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

दंतधावनाविषयीं मात्र सुश्रुताचें ऋण मान्य केलें पाहिजे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, गांठी नसलेली काडी सांगितली आहे. कडूंत निंब, तुरटांत खैर श्रेष्ठ. एकेक दांत मऊ कुंचल्यानें घांसावा, हिरडीस इजा होऊं देऊं नये. दिवसांतून दोन वेळां असें चरक म्हणतो. आमच्याकडील मशेरीस या शास्त्राचा आधार शोधणारे भेटतात, तो फुकट होय. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशांत आली. असदबेगानें ती सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली. सुश्रुतास ती ठाऊक असणेंच शक्य नव्हतें, आणि ती हिरड्यांचा रोग वाढविते हें आतां निश्चित आहे.

१९२१-२२ मध्यें टोरांटो येथें इन्सुलिन सिद्ध झालें व जे मधुमेही पूर्वीं थोडक्यांत दगावत ते वर्षानुवर्षें जगूं लागले. रोगाचे दूरचे परिणाम तेव्हां कोठें नीट दिसूं लागले. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत गिला नदीकांठच्या पिमा लोकांत मधुमेह फार. त्यांच्या दांतांच्या पाहणींतून पुष्कळ पुरावा मिळाला. १९९३ सालीं हॅराल्ड लो यांनीं हिरड्यांच्या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलें. सुश्रुताच्या यादींत जी जागा रिकामी होती ती अशी भरली.

पुढें असेंही दिसलें कीं संबंध दुहेरी आहे. साखर वाढली कीं जंतूंशीं झगडण्याची व जखम भरण्याची शक्ति उणावते. उलट हिरड्यांत सतत दाह राहिला तर इन्सुलिनचें कार्य मंदावून साखर आवरत नाहीं. हिरड्यांचे उपचार केल्यानें साखर उतरते काय, यावर मतभेद होता. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत लाभ दिसला नाहीं. पण २०२२ सालीं कोक्रेन संस्थेनें अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हां तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सुमारें ०.४ नें, म्हणजे ७.९ असल्यास ७.५ पर्यंत, उतरल्याचें आढळलें. आम्हांस हा दुसरा निर्णय अधिक ग्राह्य वाटतो. औषध त्यामुळें सुटत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

चूळ भरतांना रक्त दिसलें तर मधुमेही मनुष्य बहुधा घांसणेंच सोडून देतो. तें उलट आहे. कुंचला मऊ घ्यावा, दांतांच्या फटीही साफ कराव्या, आणि दंतवैद्यास आपला मधुमेह व डॉक्टरास आपल्या हिरड्या न विसरतां सांगाव्या. शीतादावर सुश्रुत आरंभीं रक्त काढावयास सांगतो. तो भाग वाचून कोणी घरीं सुई किंवा काडी हिरडींत टोंचूं नये. मधुमेह्याची जखम लवकर भरत नाहीं.