अठ्ठावीस मणांची खंडी

जुन्या कोष्टकात वीस मणांची एक खंडी असे. मेंढरे मोजतानाही खंडी म्हणजे वीसच. मग मुंबईच्या कापूसबाजारातली खंडी २८ मणांची कशी?

आधी मण पाहू. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. ८० तोळ्यांच्या शेराने ४० शेर मोजले की होणारा बंगाली मण मात्र ८२ रत्तलांहून थोडा जास्त, ३७.३ किलोचा. यालाच पुढे रेल्वेचा मण म्हणू लागले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली आणि इथली रुई थेट मुंबईच्या बंदराकडे निघाली. म्हणजे २० मणांची खंडी रेल्वेच्या हिशेबाने ७४६ किलोची आणि मुंबईच्या हिशेबाने २५४ किलोची. शब्द तोच, माल जवळजवळ तिप्पट!

रुईची खंडी या दोहोंतही बसत नाही. ती ७८४ रत्तलांची, म्हणजे २८ गुणिले २८. लिव्हरपूलचे व्यापारी हंड्रेडवेट वापरत. ते ११२ रत्तलांचे, म्हणजे मुंबईचे नेमके चार मण. अशी सात हंड्रेडवेट घेतली की ७८४ रत्तल भरतात. हा योगायोग नसावा. गिऱ्हाइकाच्या तराजूशी जुळावी म्हणून आपली खंडी वाढली, असे मला वाटते. ३९२ रत्तलांची जुनी गाठ तर या खंडीची सरळ अर्धी होती.

१८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा रुईला घराजवळच गिऱ्हाईक मिळाले. मुंबईची खंडी मात्र टिकली. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली, शेर-मण कोष्टकातून गेले, गाठही पुढे १७० किलोंवर आली. खंडी तेवढी ३५५.६२ किलो असा चेहरा लावून बाजारात राहिली. २०२३ मध्ये मल्टी कमोडिटी एक्स्चेंजने रुईचे वायद्याचे सौदे गाठींऐवजी खंडीतच सुरू केले. वजनमापांच्या कायद्यापेक्षा दलालाची जीभ चिवट, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

आता शेतकऱ्याकडे येऊ. पेपरात ‘खंडीला साठ हजार’ असे छापून येते आणि बाजार समितीत त्याच्या कापसाला क्विंटलने भाव पुकारतात. फरक ऐकून त्याचे डोके फिरते. पण खंडी आहे रुईची आणि तो विकतो सरकीसह कापूस. (वऱ्हाडात हे दोन शब्द कोणी चुकवत नाही, शहरातले पेपर सर्रास चुकवतात.) साठ हजारांना ३५५.६२ ने भागले की रुईचा किलोचा भाव निघतो सुमारे १६८ रुपये ७२ पैसे. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली असे धरले, तर तिचे ५,७३६ रुपये होतात. त्यात सरकीची किंमत मिळवायची आणि जिनिंगचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा वजा करायचा. त्यानंतर उरेल तो आकडा पुकारलेल्या भावाशेजारी मांडून पाहावा.