माहेरचं पाणी

आजीचं माहेर पोपटखेडच्या बाजूचं, नरनाळ्याच्या पायथ्याशी. सासर पूर्णेच्या अंगाला. दोन्ही गावं अकोट तालुक्यातलीच. पण सासरची पहिली चूल ती शेवटपर्यंत विसरली नाही. "दुपारलोक जाळ लावला, पन डाय शिजेच ना. मले वाटे, माह्याच हाताले गुन नाही. सासू म्हने, रडू नको व माय, पानीच खारं हाय."

विहिरीत पाणी भरपूर होतं, पण ते तोंडात धरवत नसे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधलं पूर्णेचं गाळाचं खोरं म्हणजे आमचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. डोंगराच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा आणि पानमळे. खाली आमच्याकडे मात्र कापूस, तूर, हरभरा, आणि सगळी भिस्त पावसावर. मुलगी द्यायची तर लोक शेताआधी पाणी विचारत.

आमचे आजोबा, आबाजी, एका शेतकऱ्याची गोष्ट सांगत. त्याने विहिरीवर इंजिन बसवून गव्हाला पाणी दिलं. पहिल्या साली पीक बरं आलं. दोन-तीन सालांत काळी जमीन चोपण झाली. पाण्यातल्या सोडियमने तिचा पोतच बिघडवला. मग पावसाचं पाणीही आत मुरेना. आबाजी म्हणत, "पायाखाली पानी हाय, पन ते आपलं नाही." म्हणून पावसाचं पाणी धरणाऱ्या गावतळ्याचा गाळ काढायला घरटी एक माणूस जाई आणि तळ्यात ढोरं उतरू देत नसत.

पुढे वान नदीवर, वारी भैरवगडजवळ हनुमान सागर धरण झालं. त्यातून ८४ खेडी योजनेचा नळ गावात आला. आजीने पहिला गडवा तोंडाला लावला आणि म्हणाली, "हे तं माह्या माहेरचं पानी!" त्या दिवशी तिची डाळ एका उकळीत शिजली.

पण नळ आला आणि तळं विस्मरणात गेलं. गाळ साचला, काठावर उकिरडे झाले. नळाला चार-चार दिवस पाणी नसे, तेव्हा आम्ही रिकाम्या कळशा घेऊन त्याच तळ्याकडे पाहत बसायचो. तिकडे धरणाजवळचे शेतकरी विचारतात, आमच्या पिकांच्या वाट्याचं पाणी किती दूर नेणार? त्यांचा प्रश्न खोटा नाही. आमची तहानही खोटी नाही.

नळाने घराची तहान भागली, शेताची नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९०० हून अधिक गावं घेतली गेली. ज्यांनी शेततळी केली, त्यांना पावसाने दडी मारली की कपाशीला किंवा हरभऱ्याला एखादं गोडं पाणी देता येतं. एका पाण्यानेही हातचं पीक वाचतं. पण शेततळ्याचाही गाळ काढावा लागतो. योजना खड्डा देते. त्याची निगा आपल्यालाच राखावी लागते.

म्हणून माझ्या पट्ट्यातल्या माणसांना एवढंच सांगणं आहे. येत्या ग्रामसभेत नळाची तक्रार जरूर मांडा, पण त्याआधी गावतळ्याचा गाळ कधी काढायचा ते ठरवा. आभाळाचं पाणी अजून गोडंच आहे.