अंगठ्यांसाठी कळफलक

ब्लॅकबेरी म्हटले की मोबाइल फोन डोळ्यांपुढे येतो. पण १९९९ मध्ये या नावाचे जे पहिले यंत्र बाजारात आले, तो फोन नव्हताच. ब्लॅकबेरी ८५० वरून बोलता येत नसे. प्रामुख्याने ई-मेल वाचायची, लिहायची, पाठवायची. कॅनडातील वॉटर्लू येथे माइक लझारिडिस व डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये काढलेल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने ते बनवले. आत इंटेलचा ३८६ जातीचा प्रोसेसर आणि आपण भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसा एकच पेन्सिल सेल. तेवढ्यावर ते काही आठवडे चाले!

या यंत्राच्या यशाचे श्रेय बहुधा त्याच्या कळफलकाला दिले जाते. टाइपरायटरवर दहा बोटे चालतात. तळहाताएवढ्या यंत्रावर ती ठेवणार कुठे? यंत्र दोन्ही हातांत धरले की मोकळे राहतात ते अंगठे. विद्यार्थ्यांना पत्त्याएवढा पुठ्ठा असा धरायला सांगा. अंगठे त्यावर दोन्ही कडांनी तिरके येतात, हे लगेच दिसेल. म्हणून कळा लंबगोल आणि तिरप्या केल्या, डावीकडच्या एका बाजूला कललेल्या, उजवीकडच्या दुसऱ्या. या रचनेच्या पेटंटसाठी १९९८ मध्ये अर्ज झाला. अक्षरांचा क्रम मात्र १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरचाच ठेवला. आम्हाला हे शहाणपणाचे वाटते. अंगठ्यांना लिहिण्याची सवय नव्हती, पण कोणते अक्षर कुठे आहे हे डोळ्यांना ठाऊक होते.

तरीही निम्मे श्रेय दुसरीकडे जाते, असे आमचे मत आहे. हे संदेश फोनच्या जाळ्यातून नव्हे, तर केवळ माहितीसाठी उभारलेल्या रेडिओजाळ्यांतून जात. त्यांपैकी मोबिटेक्स हे १९८६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेले. वेग सेकंदाला ८००० बिट, म्हणजे आजच्या मानाने गोगलगायच. पण महत्त्व वेगाला नाही, रीतीला आहे. त्या काळी मोबाइलवर बोलताना संभाषण संपेपर्यंत एक मार्ग आपल्यासाठी अडून राहत असे. सगळे मार्ग अडले की नवा फोन लागतच नसे. येथे मजकुराचे लहान तुकडे करून, वाट मोकळी होईल तसे पुढे सरकवले जात. गर्दीत उशीर होई, पण दार बंद होत नसे.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते दिसले. हल्ल्यानंतर मोबाइलची जाळी गर्दीने तुंबली, आणि हाती ब्लॅकबेरी असलेल्यांचे संदेश जात राहिले. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या सर्व सदस्यांना ही यंत्रे दिली.

बोलण्याची सोय आली ती २००२ च्या ५८१० मध्ये, तीही जरा नाइलाजानेच. कानाला लावायची वायर जोडल्याशिवाय त्यावर बोलता येत नसे. २००७ मध्ये आयफोनने कळा काचेवर उमटवल्या. क्रम तोच राहिला. जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली.