हप्ता थकला? वसुलीवाला दारात आला तर हे नियम माहीत असू द्या

पाऊस लांबला किंवा भाव पडला की पहिला फटका हप्त्याला बसतो. मग फोन सुरू होतात, माणसं दारात येतात. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पैसे द्यावेच लागतात, पण ते मागण्याचीही रीत रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे.

गावागावांत महिलांचे गट करून दिलं जातं ते मायक्रोफायनान्स कर्ज. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज यात येतं. मार्च 2022 च्या नियमांनुसार याची वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामावर जाता येतं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन, थकबाकीदारांची नावं लावणं, हे सगळं बंद. हप्ता भरल्याशिवाय बायकांना उठू न देणं ही तर सरळ दंडेलीच. बँक किंवा फायनान्सच्या इतर कर्जांसाठी फोनची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 7 आहे.

एजंट आला की आधी ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. दाखवत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. एजंटच्या स्वतःच्या फोनपे नंबरवर पैसे टाकू नका. कंपनीच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या. पावती नसेल तर भरलेला हप्ता पुन्हा मागितला जाऊ शकतो. गाडी ओढून नेण्यासाठी गुंड वापरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं आहे.

त्रास झाला तर कॉल रेकॉर्डिंग, मेसेज, तारीख-वेळ जपून ठेवा. पहिली तक्रार कंपनीकडेच लेखी करायची आणि पोच घ्यायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 वर फोन करा. जिवाची धमकी दिली तर मात्र 30 दिवस थांबायचं कारण नाही, 112 लावा.

गावातल्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपाल कामाचा नाही. ती सहकार खात्याखाली येते, त्यामुळे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्ज द्यायचा. विनापरवाना सावकाराची तक्रारही तिथेच होते, 2014 च्या सावकारी कायद्याखाली.

हप्ता जमणारच नसेल तर शाखेत आधीच जाऊन मुदत वाढवून देण्याचा लेखी अर्ज द्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून घरी ठेवा.