विवेकी स्वार्थवाद

स्वतःचे दूरगामी हित नीट विचार करून जपणे हाच सदाचाराचा पाया, असे मानणारी नीतिशास्त्रातील भूमिका. माणूस स्वार्थी असतोच, हे विधान वेगळे आणि त्याने स्वार्थच पाहावा, हा दंडक वेगळा. पण या दोहोंची गल्लत फार जुनी आहे. टॉमस हॉब्जने लंडनमध्ये एका जर्जर भिकाऱ्याला पैसे दिले, तेव्हा ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का, असे एका धर्मोपदेशकाने त्याला विचारले. हॉब्ज म्हणाला, दिले असते. म्हाताऱ्याचे हाल पाहून मलाच क्लेश होत होते, ते हलके झाले. ही आठवण जॉन ऑब्रीने नोंदवली आहे. असल्या युक्तिवादातली मेख जोसेफ बटलरच्या १७२६ सालच्या प्रवचनांमुळे ध्यानात येते: मुळात आस्थाच नसेल, तर परक्याच्या हालांनी क्लेश होतील कशाला?

या मताचे दोन ठळक अवतार एकाच शहराशी, सेंट पीटर्सबर्गशी, निगडित असावेत ही इतिहासाची गंमत. निकोलाय चेर्निशेव्हस्कीने तेथील किल्ल्यात कैदेत असताना ‘काय करावे?’ ही कादंबरी लिहिली (१८६३). तिच्यातली व्हेरा शिवणकामाचा कारखाना काढते आणि नफा शिवणाऱ्या मुलींमध्येच वाटते. तिचा नवरा लोपुखोव्ह तिला दुसऱ्याशी लग्न करता यावे म्हणून आत्महत्येचे सोंग करतो, आणि हे सारे आपण आपल्याच सुखासाठी केले, असे बजावतो! माणूस आपले हित कळूनही केवळ हट्टाने त्याच्याविरुद्ध वागेल, असे दस्तयेव्हस्कीने पुढल्याच वर्षी सुनावले.

त्याच शहरात १९०५ साली जन्मलेल्या आयन रँडच्या वडिलांचे औषधांचे दुकान बोल्शेव्हिकांनी जप्त केले. पुढे अमेरिकेत तिने मांडलेल्या स्वार्थवादाचा शेवट थेट निर्बंधमुक्त भांडवलशाहीत होतो. स्वतःचा बळी दुसऱ्यासाठी देऊ नये, दुसऱ्याचा स्वतःसाठी घेऊ नये, हे तिचे सूत्र. विवेकी माणसांच्या हितांत संघर्ष नसतोच, असा तिचा दावा होता. एकाच नोकरीसाठी दोघे उमेदवार आले तर काय, हे उदाहरण तिने स्वतःच घेतले. नुसत्या इच्छेला हित म्हणता येत नाही, हे तिचे उत्तर. उत्तर चतुर आहे, पण नोकरी हुकलेल्याला ते पटणे कठीण.

तेव्हा ‘हित’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवल्याशिवाय या सिद्धान्तातून कोणतेच आचरण निघत नाही, आणि ते ठरवताना बाहेरची मूल्ये आत येतात. पकडले जाण्याची भीतीच नसेल तर प्रामाणिक का राहावे, हा प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील अदृश्य करणाऱ्या अंगठीचा प्रश्नही उरतोच. स्वहित आणि सर्वांचे हित यांचा मेळ केवळ तर्काने घालता येत नाही, अशी कबुली हेन्री सिज्विकने १८७४ साली दिली.

चार्वाकांनाही या पंगतीत बसवले जाते. मात्र त्यांची मते बहुतांशी विरोधकांच्याच ग्रंथांतून हाती आलेली आहेत. मराठी वाचकांना ही विचारसरणी मुख्यतः रँडच्या कादंबऱ्यांमुळे परिचित आहे. ‘द फाउंटनहेड’ आणि ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणल्या आहेत.